रुग्णाने काय लिहून आपणांस शोधावे?

आपल्या संघटनेच्या तालुका व जिल्हा बैठकांतून अलीकडे एक प्रश्न हमखास निघतो. आपल्या दवाखान्याचे किंवा औषधी दुकानाचे नाव गूगलवर लवकर सापडावे यासाठी कोणते शब्द द्यावेत, हा तो प्रश्न. ज्यांस कीवर्ड म्हणतात त्यांस आम्ही येथे शोधशब्द म्हणू. रुग्ण अथवा ग्राहक मोबाइलवर जे शब्द लिहितो वा बोलतो, ते आपण दिलेल्या माहितीतील शब्दांशी जुळले, तर आपले नाव त्याच्यापुढे येण्याची शक्यता वाढते, एवढाच त्याचा मथितार्थ. बहुतेक वैद्यबंधू हे काम तांत्रिक समजून एखाद्या जाहिरात संस्थेच्या प्रतिनिधीवर सोपवितात आणि दरमहा शुल्क भरून मोकळे होतात. आमचे मत याच्या उलट आहे. शब्दांची निवड हे वैद्याचे स्वतःचे काम आहे. ते दुसऱ्याच्या हाती गेले म्हणजे काय होते ते पुढे येईलच. तत्पूर्वी आमच्या गावाचा विचार करावा लागेल, कारण नावाचा घोळ म्हणजे काय हे कारंजेकरांस वेगळे शिकवावे लागत नाही.

आमचे कारंजा म्हणजे कारंजा (घाडगे). वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, नागपूर-अमरावती महामार्गावरचे. दुसरे कारंजा (लाड) वाशीम जिल्ह्यात, श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून समस्त दत्तभक्तांना ठाऊक असलेले. तिसरे कारंजा उरण तालुक्यात समुद्रकाठी, मासेमारीसाठी प्रसिद्ध. यांत लाडांच्या कारंज्याची कीर्ती अधिक, हे मान्य करण्यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. प्रश्न एवढाच, की आमच्या गावातील एखाद्या वैद्याने आपल्या माहितीत नुसते ‘कारंजा आयुर्वेदिक दवाखाना’ असे लिहिले, तर तो कोणत्या कारंज्याचा समजावा? शोधणारा माणूस कोठे उभा आहे हे गूगल पाहते, त्यामुळे आमच्या बसस्थानकावर उभे राहून शोधणाऱ्यास बहुधा गावातलाच दवाखाना दिसेल. पण पुण्यात नोकरीस असलेला मुलगा गावाकडच्या आईसाठी वैद्य शोधतो, तेव्हा त्या शोधाला जागेचा आधार नसतो, शब्दाचाच असतो. आमच्याकडे कधी दूरध्वनी येतो आणि पलीकडचा गृहस्थ अत्यंत आदराने विचारतो, ‘डॉक्टरसाहेब, गुरुमंदिरापासून आपला दवाखाना किती दूर आहे?’ आम्ही त्यास सांगतो, ‘महाराज, दोन जिल्हे ओलांडावे लागतील.’ हा विनोद झाला. पण जो रुग्ण असा उलट दिशेने जातो, त्याचा दूरध्वनी आम्हांस येत नाही, आणि तो किती वेळा गेला हे आम्हांस कधी कळत नाही.

त्यात लिपीचा घोळ आणखी. ‘घाडगे’ हे नाव रोमन लिपीत कोणी डीनंतर ए घालून लिहितो, कोणी न घालता, कोणी डीच्या जागी टी घालतो. मराठीत कोणी कंस करतो, कोणी ‘कारंजा घा.’ एवढ्यावर भागवितो. याहून मौजेची गोष्ट आपल्या व्यवसायाचीच आहे. रोमन लिपीत आमचे गाव आणि करंज वृक्ष यांची अक्षरे एकच होतात. चरकांनी कंडूघ्न गणात निंबाच्या शेजारी बसविलेला तो नक्तमाल आमच्या गावाच्या नावावर येऊन बसला आहे. गावाचे नाव रोमन लिपीत लिहून पुढे ‘आयुर्वेद’ जोडा, करंज तेलाच्या बाटल्या पुढे येतात. त्यांतल्या काही त्वचेसाठी, तर काही पिकांवर फवारण्यासाठी. ज्याने पैसे भरून जाहिरात लावली असेल, त्यास यात खराखुरा तोटा आहे. कारण गूगलची शोध-जाहिरात सामान्यतः दर स्पर्शास, म्हणजे क्लिकला, पैसे घेते. आणि फवारणीचे तेल शोधणाऱ्या शेतकऱ्याने चुकून आपल्या जाहिरातीवर बोट ठेवले, तरी ते पैसे जातातच.

याला उतारा आहे, आणि तो वैद्यांस समजावयास सोपा आहे. जाहिरातीत जसे हवे ते शब्द देता येतात, तसे नको ते शब्दही देता येतात. शोधात ते आले की आपली जाहिरात दाखविली जात नाही. पथ्याबरोबर अपथ्य सांगावे तसे. आमच्या गावच्या दवाखान्यासाठी लाड, वाशीम, उरण, तेल, फवारणी, बियाणे हे शब्द अपथ्यात घालावेत. पथ्यात ‘कारंजा घाडगे’ हे जोडनाव, ‘वर्धा’ हा जिल्हा, रोमन लिपीतील दोन-तीन प्रचलित वर्णलेखने आणि जेथून आमचे रुग्ण येतात ती आजूबाजूची गावे: तळेगाव, कोंढाळी, आष्टी, आर्वी. पत्त्यात ४४२२०३ हा पिनकोड न विसरता द्यावा. जाहिरात किती किलोमीटरच्या परिघात दिसावी हेही ठरविता येते, आणि ते न ठरविता पैसे भरणे म्हणजे कारंज्याच्या दवाखान्याची पत्रके मुंबईच्या लोकलमध्ये वाटणे होय.

पैसे न भरता नकाशावर जी नोंद होते, ती अनेकांना पुरेशी आहे. २०२१ पर्यंत तिचे नाव गूगल माय बिझनेस होते. आता गूगल बिझनेस प्रोफाइल म्हणतात. तेथील क्रम तीन गोष्टींवर ठरतो असे गूगल स्वतः सांगते: शोधाशी जुळणारी माहिती, अंतर आणि प्रसिद्धी. हा क्रम पैसे देऊन विकत मिळत नाही, हेही गूगलनेच सांगितले आहे. म्हणून ‘महिन्याभरात पहिला क्रमांक’ अशी हमी देणाऱ्या प्रतिनिधीस चहा पाजून निरोप द्यावा. संकेतस्थळाच्या पोटात दडविलेल्या शोधशब्दांच्या यादीबद्दल जो शुल्क मागेल, त्यास चहाही देऊ नये. क्रम ठरविताना ती यादी आपण विचारातच घेत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केले आहे. एक सवय मात्र आपल्यातच फैलावली आहे, तिचा निषेध केला पाहिजे. दवाखान्याच्या नावातच शब्द कोंबणे. पाटीवर असेल ‘अमुक चिकित्सालय’, आणि नकाशावर ‘अमुक चिकित्सालय मूळव्याध गुडघेदुखी केसगळती बेस्ट डॉक्टर’. प्रत्यक्षात जे नाव आहे तेच द्यावे असा गूगलचा नियम आहे. तो मोडल्यास नोंद स्थगित होऊ शकते. नियम नसता तरी आम्हांस हे शोभत नाही असे वाटले असते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. रुग्ण कोणते शब्द लिहितो? आपण आमवात म्हणतो, तो ‘हातापायाचे सांधे धरले’ म्हणतो. आपण श्वेतप्रदर लिहितो, ती ‘अंगावरून जाते’ म्हणते. आपण पंचकर्माच्या पाटीवर स्नेहन-स्वेदन रंगवितो, तो ‘तेल मालिश आणि वाफ’ शोधतो. आयुर्वेदाला हे नवे नाही. निघण्टु म्हणजे तरी काय? एकाच द्रव्यास निरनिराळ्या प्रदेशांत, निरनिराळ्या कारणांनी पडलेल्या नावांचा संग्रह. राजनिघण्टुकार नरहरी पंडितांनी द्रव्यांची नावे कशावरून पडतात याची सात कारणे सांगितली, त्यांत रूढी आणि देश्योक्ती, म्हणजे त्या-त्या देशीची बोली, यांना मानाचे स्थान दिले. आणि कर्नाट व महाराष्ट्र भाषांतील नावांची दखल घेतली. गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक औषधींना नावारूपाने ओळखतात, असे चरक सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हणतात. व्याधीचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाजू नये, सर्व विकारांना निश्चित नावे नसतात, हेही त्यांचेच सांगणे. जे वैद्याला माफ आहे ते रुग्णास का असू नये? त्याने त्याच्या शब्दांत शोधावे, आणि आपण त्या शब्दांत सापडावे.

बोली स्थिर राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. गुडूचीला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गुळवेल म्हणतात. २०२० च्या साथीत हिंदी वाहिन्यांनी आणि जाहिरातींनी तिला ‘गिलोय’ केले, आणि आज आमच्या पंचक्रोशीतला मराठी माणूसही दुकानात येऊन गिलोय मागतो. भाषाशुद्धीचा अभिमान बाळगणाऱ्या दुकानदाराने आपल्या यादीत केवळ गुळवेल लिहिले, तर अभिमान राहील, ग्राहक जाईल. दोन्ही लिहावे. अश्वगंधेबरोबर आस्कंद, काष्ठौषधीबरोबर जडीबुटी, हरीतकीबरोबर हिरडा आणि हरडे. यात कोठेही खोटेपणा नाही.

खोटेपणा येतो तो पुढच्या पायरीवर, आणि प्रस्तुत लेख लिहिण्याचे खरे कारण तेथे आहे. मध्यंतरी एका जाहिरात संस्थेचा प्रतिनिधी आमच्याकडे शोधशब्दांची तयार यादी घेऊन आला. हे शब्द लोक सर्वाधिक शोधतात, असे त्याने सांगितले, आणि त्याचे म्हणणे खोटे नसावे. शुगर कायमची बंद. मूतखडा पाडण्याचे औषध. पांढरे डाग शंभर टक्के इलाज. वजन कमी, मूल होत नाही, लकवा, बीपीची गोळी सुटेल. आम्ही यादी वाचली आणि परत केली. कारण यातील जवळजवळ प्रत्येक व्याधी १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात आहे.

हा कायदा म्हणजे औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम. ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज या नावाने आपण तो ओळखतो. मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग, कर्करोग, लठ्ठपणा, मूतखडा, पक्षाघात, अपस्मार, श्वित्र, स्त्रियांचे वंध्यत्व, आमवात, मोतीबिंदू अशी ५४ नावे परिशिष्टात आहेत. पाळीच्या तक्रारी आणि कामशक्ती यांचा उल्लेख तर कलम ३ मध्येच आहे. या व्याधींवर अमुक औषध चालते असे सुचविणारी जाहिरात करता येत नाही. औषध खरोखर चालते की नाही हा तेथे प्रश्नच नाही, हे अनेक बंधूंच्या लक्षात येत नाही. ‘आमचा अनुभव आहे, आमच्याकडे रिपोर्ट आहेत’ हे उत्तर कलम ३ ला लागू पडत नाही. ते जाहिरातीलाच मनाई करते. आणि जाहिरात कशास म्हणावे याची त्यातील व्याख्या पाहण्याजोगी आहे: सूचना, पत्रक, लेबल, वेष्टन, तोंडी घोषणा, इतकेच नव्हे तर प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या योगे केलेली घोषणा. ज्या काळी इंटरनेट कोणाच्या स्वप्नात नव्हते त्या काळी लिहिलेल्या या शब्दांत मोबाइलचा उजळलेला पडदा सहज बसतो.

याच कायद्याने वैद्यास एक सूट दिली आहे. नोंदणीकृत चिकित्सकाने स्वतःच्या जागेवर लावलेल्या पाटीवर, येथे अमुक व्याधींवर उपचार होतात असे लिहिण्यास कलम १४ नुसार आडकाठी नाही. काही मित्र म्हणतात, गूगलवरील नोंद ही आमची पाटीच आहे. आम्हांस हा युक्तिवाद धोक्याचा वाटतो. पाटी जागेवर असते. तिच्यापाशी माणूस चालत येतो. शोधशब्दावर लावलेली जाहिरात माणसाच्या खिशात जाते. आपले वकील काय म्हणतात ते ज्याने-त्याने विचारावे, पण सूट पाटीपुरतीच आहे असे धरून वागणे शहाणपणाचे. आणि प्रतिनिधीने केले, आम्हांस ठाऊक नव्हते, असे म्हणून सुटका होणार नाही. जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणारा प्रत्येक जण त्या कलमात येतो. तोही आणि आपणही.

औषधनिर्मात्यांना लागू असलेल्या नियम १७० ची कथा सर्वांस ठाऊक आहे. २०१८ च्या डिसेंबरात तो आला. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने वगळला गेला. त्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वगळण्यास स्थगिती दिली. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण निकाली निघाले तेव्हा स्थगितीही उठली. त्यामुळे ‘आता मोकळे झाले’ असा समज काही दुकानदारांत पसरला आहे. १७० गेला, १९५४ चा कायदा उभाच आहे. शिवाय २०२५ च्या मे महिन्यात आयुष मंत्रालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या तक्रारींसाठी आयुष सुरक्षा नावाचे पोर्टल सुरू केले. तक्रार करणाऱ्यास आता कचेरीची पायरी चढावी लागत नाही.

तरीही कायद्याच्या भीतीने हे सोडावे असे आमचे म्हणणे नाही. भीती हे दुय्यम कारण. चरकांनी सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात वैद्याचा वेष घेऊन हिंडणाऱ्यांचे वर्णन केले आहे. कोणी आजारी आहे असे कानी येताच ते त्याच्याभोवती गोळा होतात आणि त्यास ऐकू जाईल अशा बेताने आपल्याच वैद्यगुणांची मोठ्याने थोरवी गातात. एखाद्याने मध्यरात्री ‘शुगर कायमची बंद’ असे मोबाइलवर लिहावे आणि त्याच क्षणी आपल्या दवाखान्याची जाहिरात त्याच्यापुढे यावी, याहून त्या वर्णनाचे अचूक उदाहरण आम्हांस सुचत नाही. असे लिहिणारा माणूस कोण असतो? तो इन्सुलिनला कंटाळलेला असतो, मूत्रपिंडाच्या तपासणीला घाबरलेला असतो, किंवा गोळ्यांचा महिन्याचा खर्च त्याच्या संत्र्याच्या बागेने यंदा दिलेला नसतो. ‘कायमची’ हा शब्द त्याने आशेने लिहिला आहे. आपण तो शब्द जाहिरातीसाठी निवडला, म्हणजे त्याच्या आशेला होकार दिला. मग तो दवाखान्यात येतो तोच गोळ्या बंद करून. त्यानंतर आपण त्यास कितीही समजावले, तरी पहिले वचन आपणच दिलेले असते. कोणत्या शब्दाला ‘ओ’ द्यावयाची आणि कोणत्या शब्दाला नाही, हा चिकित्सेतलाच निर्णय आहे असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

यावर येणारा आक्षेप खरा आहे. मोठ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे पानभर जाहिराती दिल्या. पतंजलीसारख्या कंपनीला एप्रिल २०२४ मध्ये वृत्तपत्रांतून जाहीर माफी छापावी लागली, पण तोवर व्यवसाय होऊन गेला होता. महामार्गाच्या कडेला तंबू टाकून बसणाऱ्यांस कोणी विचारीत नाही. संयम पाळावयाचा तो केवळ पदवी घेऊन नोंदणी केलेल्या वैद्याने? होय, आणि त्यात नुकसान आहे, हे आम्ही लपवीत नाही. ‘मूतखडा’ या शब्दावर आम्ही दिसत नाही, दुसरा कोणी दिसतो, आणि रुग्ण सत्तर-ऐंशी किलोमीटर नागपूरला जातो. असे आज घडत असणार. फक्त हे नुकसान वाटते तितके मोठे नाही. ज्या शब्दांवर सारा देश बोली लावतो, त्यांवर कारंज्याच्या वैद्याचा निभाव पैशानेही लागत नाही. त्याचा निभाव जेथे लागतो ते शब्द वेगळे आहेत: गावाचे पूर्ण नाव, वैद्याचे नाव व पदवी, ‘पंचकर्म’, ‘बस्ती’, ‘नाडी परीक्षा’, ‘लहान मुलांचे सुवर्णप्राशन’, ‘रविवारी सुरू’, ‘सायंकाळी दवाखाना’, ‘महिला वैद्य’. यांत कोणत्याही रोगाला बरे करण्याचे आश्वासन नाही, आणि तरी रुग्णाला पाहिजे ती माहिती आहे. ‘महिला वैद्य’ हा शब्द तर आमच्या अनेक भगिनींच्या नोंदीत आढळतच नाही. आणि गावातली बाई सर्वप्रथम तेच पाहते.

औषधी दुकानदारांसाठी निराळे सांगणे. च्यवनप्राश, त्रिफळा चूर्ण, दशमूलारिष्ट हे शब्द नुसते देऊन उपयोग नाही. तेथे घरपोच माल पाठविणाऱ्या मोठ्या विक्रेत्यांची गर्दी आहे. दुकानाची जमेची बाजू असते ती बाटलीबाहेरची. काढ्याची भरड वैद्याच्या चिठ्ठीप्रमाणे मोजून मिळते. ताजी गुळवेल सांगितल्यास दुसऱ्या दिवशी येते. बाळंतिणीच्या औषधांचा पुडा बांधून मिळतो. शतावरी कल्प, अडुळशाचा पाला, देशी गाईचे जुने तूप आहे की नाही ते दूरध्वनीवर सांगितले जाते. हे सारे नोंदीत, फोटोसह, ग्राहक बोलतो त्या भाषेत लिहावे. ‘डायबेटीस चूर्ण’ असे मात्र लिहू नये, बाटलीच्या वेष्टनावर कंपनीने काहीही छापलेले असो. वेष्टनाचा फोटो टाकतानाही त्यावरील मजकूर आधी वाचावा, कारण तो फोटो आपल्या नोंदीत गेला की ती जाहिरात आपलीही होते. ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तर देताना अशीच काळजी हवी. ‘तुमच्या औषधाने माझी शुगर गेली’ असे कोणी लिहिले, तर ‘धन्यवाद, भेटत राहा’ एवढेच लिहावे. आजाराचे नाव पुन्हा उच्चारू नये. त्यात रुग्णाच्या गोपनीयतेचाही प्रश्न आहे.

कोणत्या शब्दांवरून लोक आपल्यापर्यंत पोहोचले, याची यादी नोंदीच्या मालकास गूगल दाखविते. ती दर महिन्याला उघडून पाहावी. दहा मिनिटांचे काम आहे. तथापि त्या यादीत केवळ सापडलेल्यांचे शब्द असतात, हुकलेल्यांचे नसतात. ते गोळा करण्याचा मार्ग आमच्या मते एकच. नवीन रुग्ण प्रथम येतो तेव्हा ‘काय त्रास आहे?’ या प्रश्नाला तो जे पहिले वाक्य बोलतो, ते जसेच्या तसे, वऱ्हाडी असेल तर वऱ्हाडीत, केसपेपरच्या मागे लिहून ठेवावे. पुढच्या तालुका बैठकीस प्रत्येक सभासदाने रुग्णाचे नाव-गाव वगळून अशी दहा वाक्ये आणावीत, असा प्रस्ताव आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. त्यांतून परिशिष्टातील व्याधी बाजूला काढणे, उरलेल्यांची मराठी, हिंदी व रोमन रूपे लिहिणे आणि तो तक्ता सर्वांस मोफत वाटणे, एवढे काम एका दुपारी होईल. ज्यांना बैठकीस येणे शक्य नाही त्यांनी आपली वाक्ये टपालाने पाठविली तरी चालतील.